खवाटा : खांद्यामागील हाडाची रचना, हालचाल आणि निगा

दरवर्षी जून महिन्यात नवे विद्यार्थी वसतिगृहात दाखल होतात, तेव्हा एक दृश्य आम्हांला न चुकता दिसते. वडिलांच्या खांद्यावर पत्र्याची पेटी असते. आईच्या एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हाताशी मूल असते. कार्यालयाच्या ओट्यावर पेटी उतरवली, की वडील तो खांदा दुसऱ्या हाताने दाबून धरतात आणि मान एकदा या बाजूस, एकदा त्या बाजूस वळवतात. विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "काही नाही गुरुजी, जुनं दुखणं आहे. ओझ्यानं होतंच." आईला विचारावे, तर ती तेवढेही सांगत नाही. मात्र डोक्यावरचा पदर सावरताना तिचा उजवा हात कानाच्या वर जात नाही, हे जवळ उभे राहिल्यावर कळते.

"ओझ्यानं होतंच" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याचाच अभ्यास करावा असे आम्हांला वाटले. ओझ्याने नेमके काय होते? कोठे होते? ते टाळता येते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास आपण एका दुर्लक्षित हाडापाशी येऊन पोहोचतो. शालेय पुस्तकातील सांगाड्याच्या चित्रात त्याच्याकडे एक बाण असतो आणि बाणापुढे एक नाव असते. त्यापलीकडे त्याची ओळख सहसा होत नाही. माजी विद्यार्थी, पालक आणि शाळेचे स्नेही यांच्यासाठी या स्मरणिकेत त्या हाडाचा एक पाठ आम्ही मांडीत आहोत.

१. नाव आणि जागा

या हाडाला मराठीत खवाटा असा जुना शब्द आहे. शास्त्रीय पुस्तकांत त्यास स्कंधास्थी किंवा अंसफलक म्हणतात, आणि डॉक्टर स्कॅप्युला म्हणतात. अंस म्हणजे खांदा आणि फलक म्हणजे फळी. सुश्रुतसंहितेत शरीरातील 107 मर्मे सांगितली आहेत. त्यांत अंसफलक हे पाठीच्या वरच्या भागातील एक मर्म असून तेथे आघात झाल्यास बाहू बधिर होतो अथवा वाळतो, असे नमूद आहे. खांद्यामागच्या माराचा परिणाम हातावर दिसतो, हे निरीक्षण इतके जुने आहे.

वाचता वाचता एक छोटा प्रयोग करून पाहावा. उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्यावा. पाठीवर बोटांना एक आडवी, किंचित तिरपी कड लागेल. ती या हाडाची कणा होय. त्या कडेवरून बोटे बाहेरच्या बाजूस नेली, की खांद्याच्या अगदी टोकाशी एक सपाट हाड लागते; शर्टाच्या बाहीची शिवण साधारण जेथे येते, ती ही जागा. आता डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवून समोरच्या माणसास पाठ दाखवावी. कण्याशेजारी हाडाची उभी कड आणि तिचे खालचे टोक वर उचललेले त्याला स्पष्ट दिसेल. कृश मुलांमध्ये तर ते सदऱ्यातूनही दिसते.

२. रचना

खवाटा हे चपटे, त्रिकोणी हाड आहे. शरीरात त्याची जोडी असते. साधारणपणे दुसऱ्या बरगडीपासून सातव्या बरगडीपर्यंतचा भाग ते मागील बाजूने झाकते. त्याला तीन कडा आणि तीन कोपरे असतात. मधला पत्रा इतका पातळ असतो, की सुटे हाड उजेडासमोर धरल्यास त्यातून प्रकाश दिसतो. कडा मात्र जाड असतात, कारण स्नायू तेथे घट्ट धरलेले असतात.

वरच्या बाहेरील कोपऱ्यावर एक उथळ खळगी असते. दंडाच्या हाडाचे गोल डोके या खळगीशी टेकते आणि खांद्याचा सांधा तयार होतो. शाळेच्या क्रीडादिनी लिंबू-चमचा शर्यत सर्वांनी पाहिली आहे. चमच्याच्या मानाने लिंबू मोठे, म्हणून ते सहज घरंगळते. खांद्याच्या सांध्याचे तसेच आहे. मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत बसलेले असते, त्यामुळे तेथील सांधा बळकट. परंतु पाय हातासारखा चौफेर फिरत नाही. खांद्याला मोकळीक मिळाली, ती स्थैर्याच्या बदल्यात. मोठ्या सांध्यांत सर्वाधिक वेळा निखळणारा सांधा खांद्याचाच असतो.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब. खवाटा बरगड्यांवर टेकलेला दिसतो, पण बरगड्यांशी किंवा पाठीच्या कण्याशी त्याचा हाडाचा सांधा नाही. धडाच्या सांगाड्याशी त्याला जोडणारा हाडाचा दुवा एकच, तो म्हणजे पुढच्या बाजूची हासळी, म्हणजेच गळ्याखालचे आडवे हाड. हासळीचे एक टोक खवाट्याशी आणि दुसरे छातीच्या मधल्या हाडाशी जोडलेले असते. एवढा एक दुवा सोडला, तर सबंध खवाटा आणि त्याला लटकलेला सबंध हात स्नायूंनी तोलून धरलेला आहे. या एका हाडावर 17 स्नायू येऊन मिळतात. चारही बाजूंनी दोरखंड ताणून उभ्या केलेल्या तंबूच्या खांबासारखी ही व्यवस्था आहे. एक दोर सैल पडला, की खांब कलतो, आणि मग उरलेल्या दोरांवर ताण येतो.

बैलाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. बैलाला, गाईला, घोड्याला हासळी नसते. त्यांचा पुढचा पाय आणि त्यावरचा खवाटा केवळ स्नायूंच्या झोळीने छातीला बांधलेला असतो. आपल्या पूर्वजांना हे शरीरशास्त्र माहीत नव्हते. पण बैलाचा खांदा जपला पाहिजे हे त्यांना ठाऊक होते. बेंदूर किंवा पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा तेल लावून तो शेकतात, चोळतात, आणि सणाच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. ज्या घरात बैलाची खांदेमळणी होते, त्या घरातील माणसांच्या खांद्यांसाठी मात्र वर्षात असा एकही दिवस राखून ठेवलेला नसतो.

३. हालचाल

खवाटा सहा प्रकारे हलतो. खांदे उडवले, की तो वर सरकतो. खाली सोडले, की खाली येतो. दूरची वस्तू घेण्यास हात पुढे केला, की तो बरगड्यांवरून पुढे घसरतो. छाती काढून उभे राहिले, की कण्याकडे मागे येतो. याशिवाय तो चाकासारखा वरच्या दिशेने आणि खालच्या दिशेने फिरतो. हे फिरणे आपल्या ध्यानात येत नाही, आणि तेच सर्वांत उपयोगाचे असते.

दुसरा प्रयोग करून पाहावा. एकाने हात शरीराशेजारी सरळ सोडून उभे राहावे. दुसऱ्याने त्याच्या खवाट्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवावा. पहिल्याने हात बाजूने सावकाश वर नेत कानाला टेकवावा. सुरुवातीस अंगठा जवळजवळ स्थिर राहतो. नंतर खालचे टोक बाहेरच्या बाजूस, काखेच्या दिशेने सरकू लागते. हात पूर्ण वर जातो, तेव्हा तो सुमारे 180 अंशांतून फिरलेला असतो. त्यांपैकी साधारण 120 अंश दंडाच्या सांध्यातून आणि 60 अंश खवाट्याच्या फिरण्यातून मिळतात. म्हणजे हात उचलण्याच्या कामात एक तृतीयांश वाटा पाठीवरच्या या हाडाचा असतो. या जोडकामास वैद्यकात खांद्याची लय म्हणतात.

ही लय दोन स्नायूंवर विशेष अवलंबून असते. पहिला ट्रॅपेझियस. तो मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला असून त्याचे वरचे, मधले आणि खालचे असे तीन भाग असतात. दुसरा सेरेटस अँटेरिअर. तो बरगड्यांवरून करवतीच्या दात्यांसारखा निघतो आणि खवाट्याखालून जाऊन त्याच्या कण्याकडील कडेला चिकटतो. हे दोघे मिळून खवाटा फिरवतात आणि छातीशी दाबूनही धरतात. या दोहोंच्या जोडीस खवाट्यावरून निघून दंडाच्या डोक्याला वेढणारे चार लहान स्नायू असतात. चमच्यातले लिंबू घरंगळू नये म्हणून चार बाजूंनी चार बोटे लावावीत, तसे ते काम करतात.

खवाटा वेळेवर फिरला नाही, तर काय होते? हात वर जाताना दंडाचे डोके आणि खांद्याच्या टोकाचे सपाट हाड यांच्यामधील जागा अपुरी पडू लागते. त्या जागेतून जाणारी स्नायूची दोरी पुन्हा पुन्हा घासली जाते. प्रथम काम करताना दुखते, मग रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, आणि शेवटी हात वर नेणेच माणूस सोडून देतो. आरंभी सांगितलेल्या मातेचा पदर अशा मार्गाने कानापाशी अडू शकतो.

४. आपल्या भागातील श्रम आणि खवाटा

1885 मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळाला पाणी मिळाले. पुढे 1980 मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर ही नावे आपल्या शाळेच्या प्रवेशअर्जांवर पालकांच्या कामाच्या ठिकाणी वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. या समृद्धीचे वजन शेवटी कोणाच्या खांद्यावरून गेले, हे आपल्यापैकी पुष्कळांना घरूनच ठाऊक आहे.

ऊसतोडणीचे काम शरीराच्या दृष्टीने पाहावे. कोयत्याचा घाव खाली वाकून, एकाच हाताने, दिवसभरात असंख्य वेळा घालावा लागतो. प्रत्येक घावात खवाटा आधी मागे ओढला जातो आणि मग झटक्याने पुढे जातो. नंतर मोळी बांधावयाची. तीस-चाळीस किलोपर्यंतची ती मोळी डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवावयाची. या वेळी दोन्ही हात डोक्याच्या वर असतात आणि वजनही वर असते. खवाट्याला पूर्ण फिरलेल्या अवस्थेत भार सोसावा लागतो. पहिल्या पंचवीस मोळ्या स्नायू व्यवस्थित तोलतात. स्नायू थकले, की पुढच्या मोळ्यांचा भार सांध्यावर आणि मानेवर येऊ लागतो. ओझ्याने जे होते, ते हे. हाड झिजण्यापूर्वी स्नायू थकलेले असतात आणि त्यांना विसावा मिळालेला नसतो.

इंदापूर तालुक्यातील द्राक्षबागांत वेगळेच दिसते. तेथे ओझे थोडे. परंतु मांडवाखाली उभे राहून घडांची विरळणी करताना हात तासन् तास डोक्याच्या वर राहतात. रिकामा हातही वर धरून ठेवला, की काही मिनिटांत जड वाटू लागतो. डाळिंबाच्या बागेत फवारणीचा पाठीवरचा पंप असतो. 16 लिटरचा पंप भरला, तर नुसते पाणीच 16 किलो होते, आणि त्याचे पट्टे खांद्याच्या वरच्या स्नायूंत रुततात. घाईत एकच पट्टा अडकवून निघालेल्या माणसाचा एक खांदा उचललेला आणि कणा वाकलेला असतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या बाजूस जाळे फेकणारे आणि वल्ही मारणारे बांधव खवाट्यांनीच पाणी कापतात, असे म्हटले तरी चालेल.

कवायतीत खांद्याला खांदा लावून मुले उभी राहिली, की कोणाच्या घरी कोणते काम आहे याचा थोडाफार अंदाज आम्हांला येतो. मोठ्या मुलांनी सुट्टीत घरचे काम केलेले असते. दिवाळीनंतर परत येताना काहींचा एक खांदा खाली उतरलेला असतो.

५. इजा

खवाट्याभोवतीची दुखणी दोन प्रकारची मानावीत. सावकाश येणारी आणि एकाएकी येणारी.

सावकाश येणाऱ्या दुखण्यांत सर्वाधिक आढळणारी म्हणजे कणा आणि खवाटा यांच्यामधील वेदना. लोक तिला उसण भरली म्हणतात. बहुधा ती तेथील स्नायूंच्या थकव्याची किंवा मानेकडून येणारी असते; विश्रांती, शेक आणि हळूहळू हालचाल यांनी ती उतरते. चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांत, खांद्याचा सांधा आखडतो. अशा वेळी माणूस हात उचलण्याऐवजी सबंध खवाटाच वर उडवतो. हे लक्षण दिसल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी.

दुसरे दुखणे म्हणजे पंख निघणे. भिंतीला दोन्ही तळहात टेकवून रेटा दिला असता एका बाजूचा खवाटा पक्ष्याच्या पंखासारखा पाठीपासून सुटा होतो. सेरेटस स्नायूची चेता मानेतून निघून छातीच्या कडेने खाली येते. ती ताणली किंवा दबली गेली, की हा स्नायू दुर्बळ होतो. जड ओझ्याचा दाब, मार किंवा काही वेळा ज्वरानंतरचा आजार ही त्याची कारणे असतात. येथे मालिश करून घेण्यापेक्षा अस्थिरोगतज्ज्ञ किंवा चेतारोगतज्ज्ञ यांस दाखवावे. अशा पुष्कळ रुग्णांत चेता काही महिन्यांत पूर्ववत होते; तोपर्यंत खांद्यास ओझ्यापासून जपावे लागते.

क्वचित एखाद्या बालकाचा एक खवाटा जन्मतःच उंचावर राहिलेला असतो. गर्भात हे हाड मानेच्या पातळीवर तयार होऊन खाली उतरते. ते पूर्ण उतरले नाही, तर एक खांदा वर दिसतो आणि हात पुरता उचलत नाही. यात ग्रहणाचा किंवा कोणाच्या दोषाचा काही संबंध नाही. शस्त्रक्रियेचा उपयोग लहान वयात अधिक होतो, म्हणून शाळेत घालण्यापूर्वीच मूल दाखवावे.

एकाएकी होणाऱ्या इजांत हाड मोडणे ही सर्वांत गंभीर. गंमत अशी, की खवाटा क्वचितच मोडतो. शरीरातील सर्व अस्थिभंगांत त्याचा वाटा शेकडा एकाहूनही कमी आहे. तो स्नायूंच्या गादीत असतो आणि आघात झाल्यास बरगड्यांवरून सरकतो. म्हणूनच तो मोडला असेल, तर आघात फार मोठा होता असे समजावे. मोडलेल्या खवाट्यासोबत बरगड्या मोडणे, फुप्फुसास इजा होऊन छातीत हवा साठणे, हासळी मोडणे, डोक्यास मार बसणे अशा इतर इजा बहुसंख्य रुग्णांत आढळतात. गळीत हंगामात पुणे-सोलापूर महामार्गावर आणि बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची गर्दी असते. रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली आणि स्वार "फक्त पाठीत दुखतंय" म्हणाला, तर त्याला चहा पाजून घरी पाठवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीची तपासणी करून घ्यावी.

खवाट्याचे मधले हाड मोडले, तर पुष्कळदा शस्त्रक्रिया लागत नाही. हाडास भोवतालच्या स्नायूंतून भरपूर रक्त मिळते, त्यामुळे झोळीत हात ठेवून ते साधारण सहा आठवड्यांत सांधते. सांध्याची खळगी मोडली किंवा तुकडे फार सरकले, तर मात्र शस्त्रक्रिया करावी लागते. वेदना कमी झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने हात हलवणे लवकर सुरू करणे महत्त्वाचे. भीतीपोटी तीन महिने झोळी न काढणाऱ्याचा खांदा आखडून जातो.

विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसल्यावरही खांद्यास इजा होऊ शकते. विजेने सर्व स्नायू एकाच वेळी इतक्या जोराने आवळले जातात, की खांदा मागच्या बाजूस निखळतो, प्रसंगी खवाटाही मोडतो. शॉकमधून माणूस वाचला आणि हात बाहेर वळेना, तर हृदयाच्या तपासणीबरोबर खांद्याचे छायाचित्रही काढावे.

एक सूचना येथेच नोंदवतो. खवाट्यांच्या मधोमध किंवा डाव्या खवाट्यापाशी एकाएकी दुखू लागले आणि सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. उजव्या खवाट्याखालची, जेवणानंतर वाढणारी कळ पित्ताशयाची असू शकते. अशा वेळी पाठ चोळत बसू नये.

६. आमच्याकडून झालेली एक चूक

स्मरणिकेत केवळ यशाच्या नोंदी असाव्यात असे नाही, म्हणून एक प्रसंग लिहितो. काही वर्षांपूर्वी मैदानावर कबड्डी चालू असता आमचा एक विद्यार्थी पसरलेल्या हातावर पडला. त्याच्या खांद्याची गोलाई गेली होती, टोक निघाले होते आणि तो दुसऱ्या हाताने कोपर धरून बसला होता. खांदा निखळल्याचे आम्ही ओळखले. येथपर्यंत ठीक होते. त्यानंतर मात्र, दवाखाना दूर आहे आणि आपण हे पूर्वी पाहिले आहे, या भरवशावर आम्हीच त्याचा हात ओढून बसवण्याचा प्रयत्न केला. तो किंचाळला आणि हात बसला नाही. मग आम्ही त्याला रुग्णालयात नेले. छायाचित्रात खळगीच्या कडेचा एक छोटा तुकडाही मोडलेला दिसला. डॉक्टरांनी भूल देऊन खांदा बसवला. दंडावरची त्वचा मात्र पुढे काही आठवडे बधिर राहिली. ती बधिरता पडण्याने आली की आमच्या ओढण्याने, हे सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. हे ऐकणे आम्हांस जड गेले. मुलगा पूर्ण बरा झाला. परंतु त्याच्या आईवडिलांना आम्ही जे घडले ते जसेच्या तसे सांगितले, आणि त्या दिवसापासून एक नियम केला.

तो नियम असा. निखळलेला किंवा मार लागलेला खांदा मैदानावर, घरी किंवा हाडवैद्याकडे ओढून घेऊ नये. हात ज्या स्थितीत असेल, त्याच स्थितीत रुमालाने किंवा ओढणीने छातीशी बांधावा. कापडात गुंडाळून बर्फ लावता आला तर लावावा. खाण्यापिण्यास काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. बोटे हलतात काय, दंडावर स्पर्श कळतो काय, हे पाहून ते डॉक्टरांना सांगावे. आधी छायाचित्र, मग उपचार. तरुण वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका मोठा असतो, म्हणून नंतरचा व्यायाम टाळू नये.

७. निगा

खवाटा स्नायूंवर तोललेला आहे, ही गोष्ट जशी चिंतेची तशीच आशेचीही आहे. झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. पण थकलेला स्नायू विसाव्याने सावरतो आणि दुबळा स्नायू व्यायामाने बळकट होतो. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

आमच्या कवायतीत आता तीन व्यायाम नित्य घेतले जातात. पहिला, भिंतीवरचे जोर. भिंतीपासून दोन पावले दूर उभे राहून तळहात टेकवावेत, कोपरे वाकवून पुढे जावे, परत यावे, आणि हात सरळ झाल्यावर शेवटी पाठ किंचित भिंतीपासून दूर रेटावी. या शेवटच्या रेट्यात सेरेटस स्नायू काम करतो. तालमीतले जोर मारणारे पैलवान नेमके हेच जमिनीवर करतात. दुसरा, कोपरे अंगाशी ठेवून दोन्ही खवाटे कण्याकडे ओढून पाच अंक मोजेपर्यंत धरणे. तिसरा, भिंतीला पाठ टेकवून दोन्ही हात भिंतीवरून सावकाश वर सरकवणे. प्रत्येक व्यायाम दहा वेळा करावा. दुखू लागल्यास तेथेच थांबावे.

कामाच्या ठिकाणी काही पथ्ये पाळता येतात. मंत्रिमंडळाच्या बातम्यांत खांदेपालट हा शब्द आपण वाचतो. त्याचा मूळ अर्थ पालखी किंवा ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेणे. तो अर्थ पुन्हा वापरात आणावा. ओझे एकाच खांद्यावर रोज घेऊ नये. मोळी एकट्याने उचलून डोक्यावर घेण्यापेक्षा दुसऱ्याने हात द्यावा. ओझ्याखाली चुंबळ असावी. पंपाचे दोन्ही पट्टे लावावेत आणि दमल्यावर तो अर्धाच भरावा. दोन फेऱ्या अधिक होतील, एवढेच. मांडवाखाली काम करताना दर अर्ध्या तासाने हात खाली सोडून खांदे फिरवावेत, आणि शक्य तेथे पायाखाली घडवंची घ्यावी, म्हणजे हात कमी उंच न्यावे लागतात. मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा शासनाचा नियम 2015 पासून आहे. वाढत्या वयात खवाट्याच्या कडा अजून कूर्चेच्या असतात आणि विशीच्या पुढे-मागे त्या पूर्ण जुळतात, हे लक्षात घेतले, म्हणजे शाळकरी मुलाच्या पाठीवर मोळी का देऊ नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ दुखणारा खांदा, रात्री झोपमोड करणारी वेदना, हाताला मुंग्या किंवा शक्ती कमी होणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणी करून घ्यावी. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले रुग्णालय आहे. तालुक्यातील उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही प्राथमिक तपासणी होते.

माजी विद्यार्थ्यांकडे शेवटी एक मागणे आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी आता चांगल्या नोकऱ्या मिळवल्या आहेत. तुमच्या खांद्यावर संगणकाची पिशवी आहे, आणि तिने होणाऱ्या त्रासासाठी तुम्ही फिजिओथेरपिस्टकडे जाता. ते योग्यच आहे. पुढच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आईला आणि वडिलांना दोन्ही हात कानापर्यंत उचलून दाखवावयास सांगा. पाठीमागे उभे राहून दोन्ही खवाटे सारखे फिरतात की नाही ते पाहा. एक मागे राहत असेल, तर "जुनं दुखणं आहे" हे उत्तर स्वीकारू नका. त्यांना तपासणीस घेऊन जा. तुमची पत्र्याची पेटी ज्या खांद्यावरून या शाळेत आली, त्या खांद्याची खांदेमळणी आता तुम्ही करावयाची आहे.